हातातून गेलेला ससा

जिओहॉटस्टारवर मॅच बघता ना? २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत त्याच ॲपचं नाव होतं डिस्ने प्लस हॉटस्टार. नावातला डिस्ने गेला आणि जिओ आला, पण त्या धंद्यातला सदतीसेक टक्के वाटा आजही डिस्नेकडेच आहे. घरी आई-बाबांना विचारून बघा. नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर हिंदीत भांडणारी बदकं त्यांना नक्की आठवतील, ‘डकटेल्स’मधली. तीही याच घरची. तुमचा आयर्न मॅन याच घरचा, डार्थ व्हेडर याच घरचा आणि सिम्पसन कुटुंबही आता इथेच राहायला आलंय.

इतकी सगळी मंडळी एका छपराखाली कशी आली? पैसा, हे एक उत्तर झालं. खरं उत्तर मात्र १९२८ सालच्या एका मीटिंगमध्ये आहे. त्या मीटिंगमध्ये सव्वीस वर्षांच्या एका पोराच्या हातातून त्याचा ससा गेला. पोराचं नाव वॉल्ट डिस्ने. हो, डिस्ने हे आधी एका माणसाचं आडनाव होतं. लोगो नंतर झाला.

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ चा, शिकागोचा. वडील एलियास कष्टाळू, भयंकर कडक आणि धंद्यात कायम हात पोळून घेतलेले. मिसुरी राज्यातल्या मार्सेलिन गावात त्यांनी शेती केली. ती जमेना म्हणून कॅन्सस सिटीला आले आणि तिथे पेपरची लाइन घेतली. पेपर टाकायला कोण, तर वॉल्ट आणि त्याचा मोठा भाऊ रॉय. वॉल्ट तेव्हा नऊ वर्षांचा होता. साडेचारला उठायचं, बर्फ असो की पाऊस, दारोदार पेपर पोचवायचे आणि मग शाळेत जाऊन बाकावर डुलक्या काढायच्या. असं सहा वर्षं चाललं. (तुमच्या हातातली ही पुरवणी आज पहाटे कुणी आणून टाकली, माहितेय?) गंमत अशी की लाइनवरच्या बाहेरच्या पोरांना पैसे मिळायचे, घरच्या पोरांना नाही. एलियास विचारांनी समाजवादी होते, निवडणुकीत समाजवादी उमेदवाराला मत द्यायचे. पण घरच्या कामाला कसला आलाय पगार, हा आपल्याकडचा नेहमीचा हिशेब त्यांच्याही घरात होताच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी वय खोटं सांगून वॉल्ट रेड क्रॉसमध्ये शिरला आणि लढाई थांबल्यावर फ्रान्समध्ये गाड्या चालवून परत आला. कॅन्सस सिटीत एका जाहिरातींच्या स्टुडिओत त्याला चित्रं काढायचं काम मिळालं आणि तिथेच भेटला अब आयवर्क्स. लाजरा, कमी बोलणारा, पण हातात पेन्सिल दिली की मशीन. दोघांचं जमलं. १९२२ मध्ये वॉल्टने लाफ-ओ-ग्राम नावाचा कार्टून स्टुडिओ काढला. वर्षभरात तो दिवाळखोरीत गेला. १९२३ च्या उन्हाळ्यात खिशात चाळीस डॉलर घेऊन वॉल्ट ट्रेनने हॉलिवूडला निघाला. रॉय तिथेच टीबीवर उपचार घेत होता. काकांकडून पाचशे डॉलर उसने घेतले, दोघा भावांनी पाटी लावली आणि अबला बोलावून घेतलं.

आता जरा त्या वेळची सिस्टिम समजून घ्या, कारण ती आजही फारशी बदललेली नाही. कार्टून काढायचा स्टुडिओ. प्रत्येक फिल्ममागे ठरलेले पैसे द्यायचा वितरक. आणि थिएटरपर्यंत न्यायची एखादी मोठी कंपनी. वॉल्टचा वितरक होता न्यू यॉर्कचा चार्ल्स मिंट्झ आणि त्याच्या मागे युनिव्हर्सल. १९२७ मध्ये वॉल्ट-अब जोडीने युनिव्हर्सलसाठी एक लांब कानांचा ससा तयार केला, ओसवाल्ड. ससा चालला. पोस्टरवर आला, चॉकलेटच्या वेष्टनावर आला. १९२८ च्या फेब्रुवारीत वॉल्ट खुशीत न्यू यॉर्कला गेला, नव्या करारात थोडे पैसे वाढवून मागायला. फिल्ममागे सव्वादोन हजार डॉलर मिळत होते, त्याला अडीच हजार हवे होते. मिंट्झने अठराशे देऊ केले. वर सांगितलं की पटत नसेल तर राहू दे, तुझे बहुतेक आर्टिस्ट मी आधीच फोडलेत.

आणि ससा? ससा वॉल्टचा नव्हताच. कागदोपत्री तो युनिव्हर्सलचा होता. ज्यांनी त्याला जन्म दिला, त्यांचं नाव त्या करारात मालक म्हणून कुठेच नव्हतं. वॉल्टने अठराशे घेतले नाहीत. तो रिकाम्या हाताने परतीच्या ट्रेनमध्ये बसला.

त्या ट्रेनमध्येच त्याला मिकी सुचला, असं वॉल्ट आयुष्यभर सांगत आला. बायकोने, लिलियनने, मॉर्टिमर हे नाव नापसंत करून मिकी सुचवलं, ही गोष्टही तशीच. गोष्ट झकास आहे आणि वॉल्टला गोष्ट झकास करून सांगता यायची, एवढंच मी म्हणेन. पक्कं इतकं की तो उंदीर कागदावर उतरवला अब आयवर्क्सने. ससा आणि उंदीर शेजारी ठेवून बघा: कान गोल केले, शेपूट बारीक केली, झालं. फुटलेले आर्टिस्ट करार संपेपर्यंत त्याच स्टुडिओत ओसवाल्ड काढत बसलेले, म्हणून अब लपून काम करायचा. दिवसाला सातशे चित्रं काढायचा असं सांगतात.

पहिल्या दोन मिकीपटांना कुणी वितरक मिळेना. मग वॉल्टने जुगार खेळला. बोलपट नुकते आले होते. तिसऱ्या फिल्मला त्याने आवाज दिला, तोही नुसता मागे वाजणारा नव्हे. प्रत्येक उडी, प्रत्येक शिट्टी संगीताच्या ठोक्यावर. रेकॉर्डिंगच्या खर्चासाठी स्वतःची मोटार विकली. १८ नोव्हेंबर १९२८ ला न्यू यॉर्कच्या कॉलनी थिएटरमध्ये ‘स्टीमबोट विली’ लागला आणि लोक वेडे झाले. मिकीचा चिरका आवाज वॉल्टचाच. आता वितरक रांगेत उभे होते. वॉल्टची अट एकच होती: उंदीर माझा राहील.

त्या काळच्या हॉलिवूडशी ताडून पाहिलं तर ही अट केवढी वेगळी होती ते कळतं. एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर, फॉक्स, आरकेओ हे पाच बडे स्टुडिओ. नट-नट्या त्यांच्या पगारावर, वर्षानुवर्षांच्या करारात बांधलेल्या. थिएटरंही त्यांचीच. परक्या थिएटरवाल्याला एक हिट सिनेमा हवा असेल तर सोबत चार पडेल सिनेमे गळ्यात मारायचे. अमेरिकेने शनिवारी रात्री काय बघायचं हे या पाच जणांच्या ऑफिसात ठरायचं. पण नट म्हातारे होतात, रुसतात, कोर्टात जातात. आणि १९४८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पॅरामाउंट खटल्यात निकाल देऊन थिएटरंही सोडायला लावली. वॉल्टकडे ना थिएटर होतं ना स्टार. त्याच्याकडे एक उंदीर होता, जो कधी म्हातारा होणार नव्हता आणि पगारवाढ मागणार नव्हता.

शिवाय त्याला कशावरही छापता येत होतं. न्यू यॉर्कच्या एका हॉटेलात एका माणसाने वॉल्टला तीनशे डॉलर दिले, मुलांच्या लिहायच्या वह्यांवर मिकी छापण्याच्या परवानगीसाठी. पैशांची चणचण होती, वॉल्टने घेतले. तिथून जे सुरू झालं ते थांबलेलंच नाही. १९३३ मध्ये इंगरसोल कंपनीचं मिकीचं घड्याळ आलं, काट्यांच्या जागी मिकीचे हात. ऐन मंदीत ती लाखांनी खपली. तुमच्या लहानपणीचा डबा, दप्तर, वॉटरबॅग आठवा. त्यावरचं चित्र फुकट नव्हतं, त्या डब्याच्या किमतीतला एक वाटा हक्क म्हणून कुठेतरी जात होता.

आणि अब? तो १९३० मध्येच वैतागून बाहेर पडला होता. कंपनीत त्याचा वीस टक्के वाटा होता. जाताना त्याने तो विकला, २,९२० डॉलरला. वाचा पुन्हा. दहा वर्षांनी तो परत आला, तो नोकर म्हणून.

वॉल्टला स्वतःला मिकी धड काढता यायचा नाही, हे त्याच्याच लोकांना ठाऊक होतं. त्याचं कसब वेगळं होतं. गोष्ट कुठे ढिली पडते ते त्याला दिसायचं. १९३४ मध्ये एका संध्याकाळी त्याने आपल्या आर्टिस्टना जमवलं आणि हिमगौरी आणि सात बुटक्यांची अख्खी गोष्ट एकट्याने करून दाखवली. राणी तोच, हिमगौरी तोच, सातही बुटके तोच. त्या रात्री भारावलेल्या माणसांनी पुढची तीन वर्षं त्या सिनेमावर घालवली. ग्रिम बंधूंच्या गोष्टीत बुटक्यांना नावं नाहीत. डिस्नेने प्रत्येकाला नाव दिलं, चाल दिली, स्वभाव दिला. दीड तास कार्टून कोण बघणार, म्हणून हॉलिवूड हसत होतं. अडीच लाख डॉलरचा अंदाज पंधरा लाखांवर गेला. २१ डिसेंबर १९३७ ला प्रीमियर झाला आणि पहिल्याच फेरीत सिनेमाने जगभरातून ऐंशी लाखांच्या आसपास कमावले. ऑस्करवाल्यांनी वॉल्टला एक मोठी आणि सात छोट्या बाहुल्या दिल्या.

इथे एक गोष्ट बघून ठेवा. हिमगौरी कुणाच्या मालकीची नव्हती, लोककथा सगळ्यांची असते. पण डिस्नेची हिमगौरी, तो पिवळा झगा, ती सात नावं, ही कंपनीची झाली. सिंड्रेला, स्लीपिंग ब्यूटी, सगळ्यांचं हेच. आज हिमगौरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कुठला ड्रेस येतो, सांगा बघू.

हिमगौरीच्या पैशांतून बरबँकला नवाकोरा स्टुडिओ उभा राहिला. वातानुकूलित, हिरवळ वगैरे. पण तिथे आल्यावर माणसांच्या पायऱ्या पडल्या. वरच्या मजल्यावरचा क्लब, जिम, रेस्टॉरंट फक्त वरच्या पगाराच्या पुरुषांसाठी. रेषा गिरवून पारदर्शक पत्र्यांवर रंग भरायचं काम शेकडो मुली करायच्या. हिमगौरीचा प्रत्येक क्षण त्यांच्या हातून गेलेला. पण मुलींना ॲनिमेटरच्या ट्रेनिंगला घेत नाही असं छापील पत्र कंपनी पाठवायची, आणि ‘इंक अँड पेंट’ विभागातला पगार तळाचा. कुणाला किती मिळतं याला नियम नव्हता. एकाला आठवड्याला तीनशे डॉलर, शेजारच्याला वीससुद्धा नाहीत. छोट्या कार्टूनवर नाव फक्त एकाचं, वॉल्ट डिस्नेचं. हिमगौरीसाठी रात्री जागवलेल्या अनेकांना बोनसची आशा होती, तेवढ्यात ‘पिनोकिओ’ आणि ‘फँटेशिया’ आले. युरोपात युद्ध पेटलेलं, तिकडचा बाजार बंद, दोन्ही सिनेमे तोट्यात. मग कपातीच्या गोष्टी सुरू झाल्या.

आर्ट बॅबिट हा कंपनीतला सगळ्यात जास्त पगार घेणाऱ्यांपैकी एक. हिमगौरीतली दुष्ट राणी त्याने जिवंत केली, गूफीला त्याची ती वेंधळी चाल त्याने दिली. त्याला स्वतःला काही कमी नव्हतं. पण त्याचा हाताखालचा मदतनीस किती कमी पैशांत काम करतोय हे त्याला दिसत होतं. तो युनियनमध्ये गेला. वॉल्टने त्याला काढून टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी, २९ मे १९४१ ला, संप सुरू झाला.

जगातला हा बहुधा सगळ्यात देखणा संप असेल. फलक काढणारे सगळे पट्टीचे आर्टिस्ट. गेटवर मिकी आणि प्लूटो वॉल्टच्याच विरोधात घोषणा देत उभे. मागण्या म्हणाल तर साध्या होत्या: युनियनला मान्यता, पगाराला काहीतरी नियम, पडद्यावर नाव. वॉल्टला त्यात व्यवहार दिसलाच नाही. त्याला दिसली गद्दारी. ही माणसं त्याला घरची वाटत होती. आणि घरच्या कामाला कसला आलाय पगार? तेरा वर्षांपूर्वी न्यू यॉर्कमध्ये ज्या टेबलाच्या अलीकडे तो बसला होता, त्याच टेबलाच्या पलीकडे आता तो बसला होता. माझं मत विचाराल तर हे त्याला एकदाही दिसलं नाही. किंवा दिसलं असेल, तर त्याने ते कुणाला कळू दिलं नाही.

सरकारी मध्यस्थांनी युनियनच्या बाजूने तोड काढली तेव्हा वॉल्ट दक्षिण अमेरिकेत होता, सरकारच्याच सांगण्यावरून मैत्रीच्या दौऱ्यावर. तो तिकडे असतानाच एलियास वारले. तो अंत्यसंस्काराला आला नाही. परतला तेव्हा स्टुडिओ पूर्वीचा राहिला नव्हता. कित्येक चांगले आर्टिस्ट निघून गेले. त्यांच्यातल्या काहींनी पुढे यूपीए नावाचा स्टुडिओ उभा केला आणि सपाट, आधुनिक वळणाची कार्टून काढून डिस्नेच्या गोलमटोल शैलीला पहिल्यांदा पर्याय दिला. ‘डंबो’त पगारवाढ मागायला निघालेले जोकर आहेत, ते म्हणजे संपकऱ्यांची टिंगल असं मानलं जातं. तिथवर ठीक होतं. पण १९४७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे वॉल्टने साक्ष दिली आणि संपाच्या पुढाऱ्यांना नावं घेऊन कम्युनिस्ट ठरवलं. त्या काळात असं नाव घेतलं जाणं म्हणजे पोटावर पाय. त्याच्या चाहत्यांना हा भाग वगळायला आवडतो.

नंतरचा वॉल्ट कार्टूनपेक्षा मोठ्या खेळात उतरलेला दिसतो. टीव्ही आला तेव्हा बडे स्टुडिओ त्याच्याकडे शत्रू म्हणून बघत होते. (ओटीटी आलं तेव्हा काय झालं, आठवतंय ना?) वॉल्टने उलटं केलं. त्याला एक पार्क बांधायचा होता आणि बँका दारात उभं करत नव्हत्या. एबीसी हे तिसऱ्या नंबरचं, धडपडणारं नेटवर्क होतं. त्याने एबीसीला दर आठवड्याचा कार्यक्रम दिला, एबीसीने पार्कमध्ये पाच लाख डॉलर घातले आणि कर्जाला हमी दिली. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या त्या कार्यक्रमाचं नाव काय, तर ‘डिस्नेलँड’. म्हणजे न बांधलेल्या पार्कची जाहिरात लोक घरी बसून, आनंदाने, दर आठवड्याला बघत होते. त्यातल्या डेव्ही क्रॉकेटच्या मालिकेनंतर अमेरिकेतली पोरं रॅकूनच्या शेपटीची टोपी घालून हिंडू लागली.

१७ जुलै १९५५ ला पार्क उघडला तो दिवस म्हणजे नुसता गोंधळ. बनावट पासांवर हजारो लोक घुसले, प्लंबरांच्या संपामुळे पाण्याचे नळ कोरडे, आणि ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या. सगळं टीव्हीवर लाइव्ह. दोन महिन्यांच्या आत दहा लाख लोक येऊन गेले.

१९५७ मध्ये कंपनीत एक नकाशा काढला गेला. मध्यभागी सिनेमा, भोवती टीव्ही, पार्क, गाणी, कॉमिक्स, खेळणी आणि प्रत्येकाकडून प्रत्येकाकडे जाणारे बाण. सिनेमा पार्कला राइड देतो, पार्क टीव्हीला विषय देतो, टीव्ही खेळणी खपवतो, खेळणं पुन्हा सिनेमाची आठवण करून देतं. आज मार्व्हलचा सिनेमा, त्यावरून मालिका, मालिकेवरून टी-शर्ट असं जे तुम्ही बघता, त्याचा नकाशा सत्तरएक वर्षांपूर्वीचा आहे. आणि त्या प्रत्येक बाणाखाली एकच गोष्ट: पात्र आपल्या मालकीचं हवं.

मालकीबद्दल वॉल्ट किती जागरूक झाला होता बघा. १९५३ मध्ये त्याने स्वतःचं नावसुद्धा कंपनीपासून वेगळं ठेवलं. वॉल्ट डिस्ने हे नाव वापरायचं तर वॉल्ट डिस्ने कंपनीने वॉल्टच्या खासगी कंपनीला पैसे द्यायचे. भागधारकांपैकी एकाने कोर्ट गाठलं, रॉयलाही ते रुचलं नव्हतं. त्या खासगी कंपनीचं नाव पुढे ‘रेटलॉ’ झालं. इंग्रजी अक्षरं उलटी वाचा, वॉल्टर. वॉल्ट गेल्यावर कुटुंबाने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते हक्क कंपनीलाच विकले, तेव्हा आता आडनावही तिचंच.

वॉल्ट गेला १५ डिसेंबर १९६६ ला, फुफ्फुसाच्या कॅन्सरने. आयुष्यभर सिगारेट ओढल्या होत्या. त्याचं शरीर बर्फात गोठवून ठेवलंय, ही तुमच्या ग्रुपवर फिरणारी गोष्ट साफ खोटी. त्याचं दहन झालं. त्याच्या नावावर एकूण बावीस स्पर्धात्मक ऑस्कर आहेत आणि मानाचे वेगळे.

त्याच्यामागे कंपनीने त्याचा धडा जरा जास्तच मनावर घेतला. मिकीवरचा हक्क संपत आला तेव्हा अमेरिकेत १९९८ मध्ये कायदा बदलून कॉपीराइट वीस वर्षांनी वाढला. कायद्याला लोकांनी नाव ठेवलं मिकी माउसचं. शेवटी १ जानेवारी २०२४ ला ‘स्टीमबोट विली’तला तो पहिला काळा-पांढरा मिकी सगळ्यांचा झाला. नंतरचे रंगीत अवतार अजून कंपनीचे आहेत. नवी पात्रं घडवण्यापेक्षा घडलेली विकत घेणं सोपं, म्हणून २००६ मध्ये पिक्सार, २००९ मध्ये मार्व्हल, २०१२ मध्ये ‘स्टार वॉर्स’वाली ल्युकासफिल्म आणि २०१९ मध्ये फॉक्स. फॉक्ससोबत आपलं स्टार आलं, स्टारसोबत हॉटस्टार आणि स्टार प्रवाह. तुमची आजी सात वाजता जे लावून बसायची, त्याचा मालक काही वर्षं कॅलिफोर्नियात होता.

आणि ओसवाल्ड? तो अठ्ठ्याहत्तर वर्षं युनिव्हर्सलकडेच होता. २००६ मध्ये डिस्नेच्या मालकीच्या एबीसी-ईएसपीएनमधला अल मायकल्स हा नामांकित कॉमेंटेटर एनबीसी युनिव्हर्सलला हवा होता. त्याचा करार चालू होता. डिस्नेने त्याला सोडायच्या बदल्यात गोल्फ आणि ऑलिम्पिकच्या प्रक्षेपणाचे काही हक्क मागितले आणि यादीच्या शेवटी एक जुना, सगळ्यांनी विसरलेला ससा. जिवंत माणूस तिकडे गेला, ससा इकडे आला. तोवर वॉल्टला जाऊन चाळीस वर्षं झाली होती, त्याच्याबरोबर तो ससा काढणाऱ्या अब आयवर्क्सला पस्तीस.